आधी दार वाजवा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की केअर होममधली खोली स्टाफसाठी ड्युटीची जागा असते पण तिथं राहणाऱ्यासाठी ते घर असतं, आणि दुसऱ्याच्या घरात आपण दार वाजवल्याशिवाय शिरत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. घरच्यांची आहेत, स्टाफची आहेत, एक तर तिथं राहणाऱ्या सरांचंच आहे. मी स्वतः २६ वर्षं काढलीत, आधी वॉर्डात सिस्टर म्हणून आणि मग केअर होमची इनचार्ज म्हणून, त्यामुळे दोन्ही बाजूंचं थोडंफार कळतं, आणि खाली ज्या चुकांबद्दल बोलणारे त्यातल्या काही मी स्वतः केल्यात हे आधीच सांगून टाकते. नावं सगळ्यांचीच काढलीत.

ताई, माझी आई आठ महिन्यांपासून केअर होममध्ये आहे. खुब्याचं हाड मोडल्यापासून चालणं कमी झालंय पण डोकं एकदम शार्प आहे. जागा स्वच्छ आहे, स्टाफ वाईट नाही, पण खोलीचं दार कधी बंदच नसतं. मागच्या आठवड्यात गेले तर आईचे कपडे बदलणं चाललेलं, दार सताड उघडं, पडदा अर्धा, आणि दोन अटेंडंट तिच्या अंगावरून आपापसात पुढच्या महिन्याच्या ड्युट्यांबद्दल बोलतायत. आई भिंतीकडे बघत पडलेली. मी काही बोलले नाही, मी बोलले आणि माझ्या मागे तिच्यावर राग काढला तर? अजून एक, ती हल्ली पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणते तहान लागत नाही. याचा त्याच्याशी काही संबंध आहे का माझ्याच डोक्यातलं आहे हे?

संबंध असणार, मला तरी पत्र वाचून पहिलं तेच वाटलं. पाणी प्यायलं की लघवीला लागणार, लागली की बेल वाजवायची, बेल वाजली की कोणीतरी येऊन दार उघडं ठेवूनच बेडपॅन देणार. या सगळ्यात आईच्या हातात असलेली एकच गोष्ट म्हणजे पाण्याचा ग्लास, म्हणून तिनं तो बाजूला सारला. वयानुसार तहानेची जाणीव कमी होते हेही खरंय, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालाच, कारण या वयात पाणी कमी पडलं की लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, उठताना चक्कर, कधीकधी अचानक बरळायला लागणं, हे सगळं मागोमाग येतं आणि मग लोक म्हणतात आजींना आता वय झालं. मी असे पेशंट बघितलेत जे उघड्या दाराला घाबरून सुकले.

आता कपडे बदलणं किंवा स्पंजिंग कसं व्हायला हवं ते सांगते, म्हणजे तुम्हाला नेमकं काय मागायचं ते कळेल. दार वाजवायचं आणि थांबायचं, आतून आवाज येईपर्यंत. वाजवता वाजवताच आत येणं याला वाजवणं म्हणत नाहीत, पण नव्वद टक्के ठिकाणी तेच चालतं (हा आकडा माझा, अनुभवाचा, शास्त्रातला नव्हे). मग दार लावायचं, पडदा पूर्ण ओढायचा, काय करणार आहोत ते आईला सांगायचं. अंगावर चादर राहू द्यायची आणि जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा, हात पुसला की हात झाकला, मग दुसरा हात, मग पाठ. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात, नवीन काही नाहीये. वेळ जास्त लागतो म्हणतात, तर मी घड्याळ लावून बघितलंय, दोनतीन मिनिटांचा फरक पडतो. आणि गप्पा मारायच्याच असतील तर जिचं अंग पुसताय तिच्याशी मारा ना, ती काय टेबल आहे का.

माझी सांगते. इनचार्ज झाल्यावर पहिल्याच वर्षी डॉक्टरांचा राउंड घेऊन मी एका बाईंच्या खोलीत तशीच शिरले, मागे चार जणं. त्या ब्लाऊजची बटणं लावत होत्या. त्यांनी बटणं लावून पूर्ण केली, शांतपणे, आणि मग मला विचारलं, सिस्टर, तुमच्या घरी पण लोक असेच येतात का? राउंड तिथंच संपल्यासारखा झाला. त्यांचा आवाज अजून कानात आहे.

आता तक्रारीचं. सगळ्यात आधी आईला विचारा, कारण डोकं शार्प आहे म्हणताय, म्हणजे तक्रार तिची आहे, तुमची नाही. तिला काय हवंय, फक्त दार लागलेलं हवंय की बाईच अटेंडंट हवी, की अमुक एकीच नको, हे तिच्याकडून कळू दे. मग त्या दोघींशी कॉरिडॉरमध्ये भांडू नका. इनचार्जची वेळ घ्या, बसून बोला, आणि "तुमचा स्टाफ नीट वागत नाही" असं मोघम नको, तर अमुक तारखेला एवढ्या वाजता दार उघडं होतं, पडदा अर्धा होता, एवढंच. शेवटी विचारायचं, आईच्या केअर प्लॅनमध्ये (तिची देखभाल कशी करायची याच्या लेखी नोंदीत) हे लिहून घ्याल का, की कपडे बदलताना दार बंद आणि आत यायच्या आधी वाजवायचं? तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हवेत जातं, लिहिलेलं हँडओव्हरला, म्हणजे एक शिफ्ट दुसरीला काम सोपवते तेव्हा, वाचलं जातं. दोन आठवड्यांनी परत जाऊन विचारा काय झालं. राग काढतील ही भीती खोटी नाही, मी तुम्हाला उगाच धीर देणार नाही, पण माझ्या अनुभवात ज्या पेशंटच्या घरचे शांतपणे, नियमित आणि लिहून विचारतात त्यांच्या बाबतीत स्टाफ जास्त जपून वागतो. वेगवेगळ्या वेळी जात जा, कधी सकाळी कधी संध्याकाळी. आणि कोणी "घरच्यांसारखं वागतो आम्ही, एवढं काय" म्हणालं तर सांगा, संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्येच ज्येष्ठांसाठीची जी तत्त्वं मान्य केली त्यात स्पष्ट लिहिलंय की माणूस कुठल्याही देखभालीच्या किंवा उपचारांच्या केंद्रात राहत असला तरी त्याची प्रतिष्ठा, त्याच्या श्रद्धा, गरजा आणि खासगीपणा यांचा पूर्ण आदर राखला गेला पाहिजे, आणि स्वतःच्या देखभालीबद्दल ठरवायचा हक्कही त्याचाच. म्हणजे आईचं हे काही फॅड नाहीये.

मॅडम मी स्वतः अटेंडंट आहे, तीन वर्षं झाली. आमच्याकडे एका आजींचा वाढदिवस होता, त्या खुर्चीत बसल्या बसल्या नाचत होत्या, खूप गोड दिसत होत्या, मी व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला. आजी पण हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवानं पाहिला आणि मोठा राडा झाला, मला मेमो मिळाला. मी लगेच डिलीट केला तरी पण. मी काही वाईट हेतूनं केलं नव्हतं, माझी एवढी चूक आहे का?

हेतू वाईट नव्हता हे मला पटतं. चूक आहे तरी.

बघ, आजी हसत होत्या म्हणजे त्यांनी नाचायला हो म्हटलं, तुझ्या फोनमधल्या दोनशे लोकांनी बघायला हो म्हटलं नाही. आणि त्यांना विस्मरण असेल तर त्या क्षणी हो म्हणाल्या असत्या तरी ते पुरेसं नाही, कारण स्टेटस म्हणजे काय, ते कोण बघतं, हे त्यांच्या लक्षात येतंय का हा खरा प्रश्न आहे. तो व्हिडिओ आठवून बघ, मागे काय दिसत होतं? बेडवरचं नाव? औषधांचा तक्ता? शेजारच्या बेडवर तोंड उघडं टाकून झोपलेले कोणी? आपण एका चेहऱ्याकडे बघत शूट करतो आणि मागचे तिघं फुकट फ्रेममध्ये येतात. डिलीट केलास ते बरं केलंस पण मधल्या वेळात कोणी स्क्रीन रेकॉर्ड केलं असेल तर तुझ्या हातात काहीच नाही.

तुला वाटेल आमच्याच मॅडम कडक आहेत, तर नाही. अमेरिकेत प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेनं डिसेंबर २०१५ मध्ये नर्सिंग होम आणि असिस्टेड लिव्हिंगमधले (थोड्या मदतीनं राहायच्या ज्येष्ठांच्या निवासांमधले) असे ३५ प्रकार शोधून काढले होते, स्टाफनं तिथं राहणाऱ्यांचे फोटो व्हिडिओ सोशल मीडियावर टाकल्याचे, बरेचसे स्नॅपचॅटवर, आणि त्यातले काही तुझ्यासारखे गोड वगैरे नव्हते, उघड्या अंगाचे आणि टॉयलेटमधले होते. त्यानंतर ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं तपासणी करणाऱ्यांना सांगितलं की प्रत्येक नर्सिंग होममध्ये याबद्दल लेखी धोरण आहे का ते बघा. त्या सगळ्यांची सुरुवात वाईटच होती असं मला वाटत नाही, आधी एक गोड व्हिडिओ, त्याला लाइक्स, मग जरा गमतीचा, मग कोणाचीतरी गंमत उडवणारा, असं हळूहळू घसरत जातं आणि घसरणाऱ्याला कळत नाही.

काम करताना स्वतःचा फोन लॉकरमध्ये ठेव, खिशात नको, खिशात असला की हात जातोच. जखमेचा किंवा बेडसोरचा (पडून राहून होणाऱ्या जखमेचा) फोटो डॉक्टरांना पाठवायचा असेल तर तो संस्थेच्या फोनवरून, ठरलेल्या माणसालाच, आणि चेहरा न येता. शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "१२ नंबरनी आज परत गादी खराब केली" असले मेसेज तर बिलकुल नको, नाव नसलं म्हणून काय झालं, १२ नंबर कोण हे ग्रुपमधल्या सगळ्यांना माहितीये, आणि त्यातल्या कोणी नोकरी सोडली तरी ग्रुपमध्ये तसाच असतो. आमच्याच ग्रुपमध्ये एक वॉर्डबॉय सोडून गेल्यानंतर सात महिने होता, कोणाच्या लक्षातही नाही, इनचार्ज मी होते म्हणजे जबाबदारी माझीच.

मेमोचं मनाला लावून घेऊ नकोस पण आजींना जाऊन सॉरी म्हण. नातवाला आधी नाही, आजींना.

बाबांना डिमेन्शिया आहे, ८१ वय, दोघांच्या खोलीत असतात. गेल्या महिन्यात त्यांच्या दंडावर काळंनिळं दिसलं. स्टाफ म्हणतो बेडच्या कठड्याला लागलं असेल. बाबा काही सांगू शकत नाहीत. मला चैन पडत नाहीये. घड्याळात लपवलेला छोटा कॅमेरा मिळतो तो ठेवून देऊ का, मोबाइलवर लाइव्ह दिसतं. बायको म्हणते हे बरोबर नाही. तुमचं मत?

कॅमेऱ्याचं नंतर बोलू, आधी काळंनिळं. कारण कॅमेरा उद्या लागेल, डाग आज आहे.

म्हातारपणी कातडी पातळ होते, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर नुसतं घट्ट धरलं तरी डाग पडतो, त्यामुळे प्रत्येक डाग म्हणजे मार नव्हे. पण "लागलं असेल" हे उत्तर नाही. लागलं असेल तर कधी, कोणाच्या ड्युटीत, कोणी पाहिलं, रजिस्टरमध्ये नोंद कुठाय? नोंद नसेल तर हाच पहिला मुद्दा. डाग कुठं आहे हेही बघायचं असतं. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर लॉरा मॉस्केडा आणि त्यांच्या टीमनं २००५ मध्ये ६५ च्या वरच्या १०१ जणांचे, मुद्दाम ज्यांना कोणी मारत नाहीये अशांचे, डाग रोज तपासले होते. जवळजवळ ९० टक्के डाग हातापायांवर होते, आणि मान, कान, कुल्ले, गुप्तांग, तळपाय इथं अपघातानं पडलेला एकही डाग सापडला नाही. अजून एक, पिवळा रंग म्हणजे जुना डाग हा जो आपल्या सगळ्यांचा समज आहे तो पण त्यात खोटा ठरला, काही डाग पहिल्याच दिवशी पिवळे दिसले. तर रंगावरून तारखा काढत बसू नका. दंडावर आहे म्हणताय, म्हणजे अपघात असू शकतो, पण दोन्ही दंडांवर आतल्या बाजूला बोटांसारखे ठसे असतील तर कोणीतरी धरून ओढलंय किंवा हलवलंय, मारलं नसलं तरी उचलण्याची पद्धत चुकीची आहे, आणि तेही थांबवायलाच हवं. डॉक्टरांकडून तपासून लेखी घ्या. बाबा एखाद्या ठराविक माणसाला बघून अंग चोरत असतील, ओरडत असतील, तर ते सांगणंच आहे, शब्दांशिवायचं. आणि नेमका कोणावर संशय आला असेल तर पुरावा गोळा होईपर्यंत थांबू नका, त्या माणसाची ड्युटी त्याच दिवशी बदलून मागा, नाही बदलली तर पोलिसात जा.

जागतिक आरोग्य संघटनेनं एकत्र केलेल्या अभ्यासांत अशा संस्थांमधल्या ३ पैकी २ कर्मचाऱ्यांनी स्वतःच सांगितलं की गेल्या वर्षभरात आपल्या हातून गैरवर्तन झालंय. यात ओरडणं, धमकावणं, दुर्लक्ष करणं सगळं धरलंय. माझा स्टाफवर लोभ आहे तरी मला हा आकडा खोटा वाटत नाही, रात्री एका माणसावर वीस जण टाकले की सकाळी चारला कोणाचा आवाज कसा निघतो ते मी ऐकलंय. म्हणून तुम्ही विचारायला हवा असा अजून एक प्रश्न, रात्री किती जण असतात? बरेच घरचे फीबद्दल विचारतात, जेवणाबद्दल विचारतात, हे कोणीच विचारत नाही.

आता कॅमेरा. तुमच्या बायकोच्या बाजूनं आहे मी, निम्मी तरी. विचार करा त्या कॅमेऱ्यात दिवसभरात काय दिसणार. डायपर बदलणं, स्पंजिंग, बाबा उघडे. तुम्ही ऑफिसात मीटिंगमध्ये, टेबलाखाली मोबाइल, त्यात हे. बाबा धडधाकट असताना त्यांनी तुम्हाला हे बघू दिलं असतं? म्हणजे स्टाफनं दार उघडं ठेवलं म्हणून आपण चिडणार आणि स्वतः चोवीस तास उघडं दार लावून ठेवणार. शिवाय शेजारचे काका. ते तुमचे कोणी नाहीत, त्यांनी काय घोडं मारलंय? अमेरिकेत टेक्सास राज्यानं २००१ मध्ये घरच्यांना खोलीत कॅमेरा लावायची मुभा देणारा कायदा केला, पण त्यातसुद्धा खोलीतल्या दुसऱ्या माणसाची संमती लागते आणि कॅमेरा आहे अशी पाटी दाराशी लावावी लागते. माझं मत असं, लपवून नको. संस्थेला सांगून, काकांच्या घरच्यांना (आणि काकांना कळत असेल तर आधी काकांना) विचारून, फक्त बाबांच्या बेडपुरता, आवाज बंद, स्वच्छता करताना झाकायला झाकण, रेकॉर्डिंग फक्त तुमच्याकडे आणि भावाबहिणींच्या ग्रुपवर नाही, ठराविक महिन्यांसाठी. कायदा जागोजागी वेगळा असतो तेव्हा वकिलाला विचारूनच. संस्था उघड कॅमेऱ्याला सरळ नाही म्हणाली तर नाही का म्हणते ते लेखी मागा, त्या उत्तरावरून बरंच कळतं.

आणि कॅमेरा लागल्यावर तुमच्या भेटी कमी होऊ देऊ नका, असं झालेलं मी पाहिलंय, मोबाइलवर दिसतायत की म्हणून माणूस येईनासा होतो.

मी ७८ वर्षांचा निवृत्त शिक्षक. दीड वर्षापासून इथे आहे, स्वतःच्या मर्जीने आलो. सोय उत्तम. दोन गोष्टींचा जाच होतो. एक, माझ्या नातीच्या वयाची मुले मला "बाळा, आ कर" म्हणून गोळी देतात. दुसरे, दर रविवारी मी बाहेर बसलो असताना माझे कपाट आवरले जाते. आवरले जाते असे ते म्हणतात. माझी रोजनिशी वाचली जाते हे मला ठाऊक आहे, कारण फीत मी ठेवलेल्या पानावर नसते. याबद्दल बोललो तर मी चिडका ठरेन काय?

सर, (तुम्ही शिक्षक होतात म्हणून सर म्हणते, तुम्हाला दुसरं काही आवडत असेल तर कळवा, आणि हाच प्रश्न तिथल्या स्टाफनं पहिल्या दिवशी विचारायला हवा होता) ठराल चिडके, चार दिवस. मग सवय होईल त्यांना.

"बाळा"वरून लोक हसतात, पण यावर नीट काम झालंय. कॅन्सस विद्यापीठातल्या क्रिस्टीन विल्यम्स यांनी नर्सिंग होममधल्या डिमेन्शिया असलेल्या माणसांची देखभाल चालू असतानाचे व्हिडिओ तपासून २००९ मध्ये दाखवलं की स्टाफ असं लाडिक, लहान मुलांशी बोलल्यासारखं बोलला की माणसं जास्त विरोध करतात, हात झटकतात, ओरडतात. म्हणजे ज्यांना आपण म्हणतो यांना काही कळत नाही त्यांना पण हे कळतं, तुम्हाला तर कळणारच. मी स्टाफला याच कारणासाठी सांगायचे, प्रेम असू दे, पण "अहो" सोडू नका. यातली बरीच मुलं घरी आजोबांना जसं बोलतात तसं बोलतात, वाईट भावना नसते, म्हणून चिडण्याआधी एकदा सरळ सांगून बघा, मला सर म्हण किंवा काका म्हण, बाळा नको. ज्याला एकदा सांगून कळत नाही त्याचं नाव इनचार्जकडे.

कपाटाचं मात्र मी मवाळ बोलणार नाही. समाजशास्त्रज्ञ एर्विंग गॉफमन यांनी १९६१ मध्ये अशा जागांबद्दल लिहिलंय जिथं झोपणं, काम आणि विरंगुळा तिन्ही एकाच छताखाली आणि एकाच अधिकाराखाली चालतं, त्यात माणसाच्या अंगावरून पहिली कुठली गोष्ट निघून जाते तर स्वतःची जागा, स्वतःचं सामान, स्वतःपुरतं ठेवलेलं काहीतरी. कपाट आवरायचं कारण खरं असू शकतं, उरलेलं खाणं सडतं, मुंग्या होतात, कोणी गोळ्या न खाता साठवून ठेवतं, ही भीती मलाही असायची. पण मग तुमच्या समोर, तुम्हाला विचारून, कशासाठी ते सांगून. तुमच्या माघारी नाही. एका खणाला कुलूप मागा, किल्ली तुमच्याकडे, दुसरी इनचार्जकडे सीलबंद पाकिटात, सही तुमची पाकिटावर, आणीबाणीत फोडली तर कळेल. रोजनिशी त्यात. पत्रं कोणी फोडून देत असेल, फोनवर बोलताना कोणी शेजारी उभं राहत असेल तर तेही याच बैठकीत काढा, वेगवेगळं काढलंत तर दर वेळी नवीन तक्रार वाटते.

फितीचं वाचून मात्र मला हसू आलं. मुलांच्या वह्या तपासल्याची सवय दिसते.

मी एका ठिकाणी इनचार्ज आहे. आमच्याकडचे एक काका आणि एक काकू, दोघंही सत्तरीचे, दोघांचे जोडीदार गेलेले, हल्ली दुपारी काकूंच्या खोलीत दार लावून बसतात. स्टाफमध्ये खुसूखुसू चालू आहे आणि कोणीतरी काकूंच्या मुलाला फोन करून सांगितलं. मुलगा म्हणतो हे ताबडतोब बंद करा, फी मी भरतो. काय करू?

दोघांना समजतंय, दोघांची मर्जी आहे, तर बंद करण्यासारखं काहीही नाही. फी मुलगा भरतो म्हणून आईची माहिती त्याला विकत मिळत नाही, त्याला एवढंच सांगा की तुमच्या आईच्या खासगी गोष्टींबद्दल त्यांच्या परवानगीशिवाय मी बोलू शकत नाही, त्यांच्याशीच बोला. आणि तो फोन कोणी केला ते शोधा, तुमच्याकडे शिस्तीचा खरा प्रश्न तो आहे. खुसूखुसू थांबवायला एकदा हँडओव्हरमध्ये सगळ्यांसमोर स्पष्ट बोला, नजरेनं नाही. दोघांपैकी कोणाला डिमेन्शिया असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा समोरचा कोण आहे ते समजतंय का, नको म्हणता येतंय का, हे डॉक्टरांसोबत बसून बघावं लागतं. तशी शंका नसेल तर दार वाजवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा, तेवढंच.

ताई मी नवीन लागलेय अटेंडंट म्हणून. दार वाजवायचं सगळं ठीके, पण आतून आजी "येऊ नकोस" म्हणाल्या तर? डायपर ओला असतो, अकरा जणांचं बाकी असतं, आणि वरून मलाच बोलणी बसतात.

छान प्रश्न, आणि हा कोणी ट्रेनिंगमध्ये सांगत नाही. "येऊ नकोस"चा अर्थ बहुतेक वेळा "आत्ता येऊ नकोस" असा असतो. दाराबाहेरूनच विचार, आजी दहा मिनिटांनी येऊ? पुढच्या खोलीचं काम उरकून परत ये, वेळ वाया जात नाही. परत नाही म्हणाल्या तर दुसऱ्या कोणाला पाठव, कधीकधी माणूस नको असतो, काम नको नसतं. खुर्चीत बसून करू का, दिवा मंद करू का, तुम्ही स्वतः पुढून पुसता का मी फक्त मागून करते, असं काहीतरी त्यांच्या हातात दे, बऱ्याच जणी तिथं हो म्हणतात. नुसता ओला असेल तर थोडा वेळ थांबता येतं, शी झाली असेल तर कातडी लवकर खराब होते म्हणून जास्त थांबायचं नाही, दोनदा नकार आला की लगेच इनचार्ज सिस्टरना सोबत घे, एकटीनं जबरदस्ती कधीच नको, त्यात आजींना पण लागतं आणि तुझ्यावर पण आळ येतो. आणि दर वेळी लिही, नऊ वाजून दहा मिनिटांनी विचारलं, नको म्हणाल्या, नऊ पंचवीसला परत विचारलं, हो म्हणाल्या. बोलणी बसायची वेळ आली की हे रजिस्टर उघडून पुढं ठेवायचं.